तारकांकित शब्दांचा शोध

तौलनिक भाषाशास्त्राच्या ग्रंथांत काही रूपांच्या आरंभी तारका घातलेली असते. ते रूप कोणत्याही लिखित साधनात सापडलेले नसून अभ्यासकाने तर्काने सिद्ध केलेले आहे, एवढाच तिचा अर्थ. संस्कृत ‘अश्व’ व लॅटिन ‘एक्वुस्’ यांच्यामागे मानलेले *एक्वोस् हे असेच एक रूप होय. ही प्रथा एकोणिसाव्या शतकात श्लायखरमुळे रूढ झाली. टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात (१९६२–६६) तर अशा रूपांना स्वतंत्र नोंदी मिळाल्या आहेत. संगणकावर उतरविलेल्या मजकुरातून हे शब्द वेचावयाचे झाल्यास ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ या प्रकारच्या शोधसूत्राचा आश्रय घेतला जातो. काम दिसावयास सोपे. परंतु चुकीची यादी हाती येण्याचा संभव मोठा, आणि तशी यादी पाहून चूक सहसा लक्षात येत नाही.

तारकेला या सूत्रांत स्वतःचा अर्थ आहे. क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या निबंधापासून ती पुनरावृत्तीची खूण ठरली. १९६८ मध्ये केन थॉम्प्सनने ही सूत्रे मजकूरशोधनाच्या कामी लावली. म्हणून तारका केवळ चिन्ह म्हणून हवी असल्यास तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते: \*

याहून फसवी अडचण शब्दसीमेची आहे. शब्दाचा आरंभ शोधावयाचा म्हणजे शब्दसीमेची खूण (उलटी तिरकी रेघ आणि ‘बी’) तारकेपूर्वी लिहावी, असे सहज वाटते. परंतु ही सीमा मानली जाते ती एका बाजूस शब्दाक्षर व दुसऱ्या बाजूस शब्दाक्षरेतर चिन्ह असेल तेथेच. रिकामी जागा आणि तारका ही दोन्ही शब्दाक्षरे नव्हेत. तेव्हा त्यांच्यामध्ये सीमा पडतच नाही. परिणामी *एक्वोस् निसटतो आणि ‘पान*’ यासारखी, शब्दाच्या शेवटास चिकटलेली तळटीपेची तारका मात्र सापडते. संशोधकाच्या हाती कल्पित रूपांऐवजी तळटिपांची गणना येते!

मजकूर ओळीओळीने वाचला जात असेल, तर पुढील सूत्र उपयोगी पडते:

(?<![^ ])\*[^ ]+

तारकेच्या लगत आधी रिकाम्या जागेखेरीज दुसरे चिन्ह नसावे, आणि तिच्यापुढे रिकामी जागा येईपर्यंतची सर्व चिन्हे घ्यावीत, असा त्याचा आशय. ओळीच्या आरंभीची तारकाही त्यात येते. उत्तरार्धात शब्दाक्षराची तयार खूण मुद्दाम टाळली आहे. पायथनच्या अंगभूत ग्रंथालयात स्वरचिन्हे व हलन्तचिन्ह ही शब्दाक्षरांत मोडत नाहीत. त्यामुळे ‘घोडा’ या शब्दाचे ‘घ’ आणि ‘ड’ असे तुकडे होतात, आणि *एक्वोस् मधून ‘*एक’ एवढेच उरते. हा उरलेला तुकडा मराठी वाचकास खरा शब्द वाटावा, हे विशेष धोक्याचे.

शब्दाला चिकटून आलेला स्वल्पविराम वरील सूत्रात सोबत येतो. तो मागाहून काढता येतो. कंसानंतर लगेच येणारी तारका हवी असल्यास चौकटी कंसात रिकाम्या जागेशेजारी कंसाचे चिन्हही घालावे. वाक्यविचाराच्या लेखनात मात्र हीच तारका व्याकरणदुष्ट वाक्याच्या आरंभी घालतात. दोन्ही प्रकारचे निबंध एकाच संग्रहात असतील, तर सूत्र त्या वाक्यांचे पहिले शब्दही निमूटपणे यादीत भरते. ते वेगळे काढावयाचे काम अभ्यासकानेच, वाक्य वाचून, करावयाचे असते.