बटण बंद, तरी होल्डरमध्ये शॉक! कारण काय?

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. पाण्यात भिजलेले बोर्ड बदलावे लागतात. तेव्हा एक चूक झाली, तर ती वर्षानुवर्षं लक्षात येत नाही : बटणाला फेजऐवजी न्यूट्रल वायर जोडणं.

धोका काय?
बटण दाबलं की दिवा विझतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण २३० व्होल्टचा फेज होल्डरपर्यंत पोहोचलेलाच असतो. बल्ब बदलताना बोट लागलं, तर जीवावर बेतू शकतं. बटण बंद असूनही एलईडी मंद जळत असेल, तर हे एक कारण असू शकतं.

योग्य जोडणी कशी?
फेज आधी बटणात, तिथून होल्डरला. न्यूट्रल थेट होल्डरला. न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी असते. पण साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत रंगावर विसंबू नका.

बोर्ड उघडण्यापूर्वी
टेस्टर चालू सॉकेटवर तपासा. मग मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करा, घरच्यांना सांगा. बोर्डवर पुन्हा टेस्टर लावा.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.