चालत्या होडीमागचा गळ

गळ टाकून काठावर पेंगत बसणे म्हणजे मासेमारी, अशी आपल्याकडे समजूत आहे. वाशिंदला भातसा नदीवर मी कितीतरी रविवार घालवले आहेत. त्या बळावर सांगतो, मासा येत नसेल तर आपणच त्याच्याकडे जावे! अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत 'वॉलाय' हा मासा असाच, संथ होडीमागे गळ ओढीत धरतात. आपला शिंगाळाही तसाच तळाशी राहणारा नि अंधारून आले की शिकारीला निघणारा.

मांडणी सोपी आहे. दोरीला आधी शिसे, मग फिरती कडी, पुढे दीड हात दोरी आणि टोकाला गळ लावलेला चकचकीत चमचा. कडी नसेल तर चमच्याच्या गिरक्यांनी दोरीला पीळ पडतो. होडी रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यावी. शिसे मधूनमधून तळाला टेकले की खोली बरोबर समजावी. सारखे अडकू लागले तर दोरी थोडी गुंडाळावी. मरळीचे दात तीक्ष्ण, तिच्यासाठी गळाआधी वीतभर तार हवी.

एक पथ्य मात्र पाळावे. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांच्या घोळक्यावर पहारा करते. जवळ येईल त्याच्यावर ती तुटून पडते, म्हणूनच गळाला सहज लागते. पण आईबाप गेले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. घरी वाटण तयार असले, तरी त्या दिवशी पिठल्यावर भागवावे. पुढच्या वर्षीचे कालवण त्या घोळक्यातच पोहत असते!