मानमोडीची ओळख

गेल्या हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांसह गांवाबाहेरील बाभुळबनांत गेलों असतां एका मुलानें गलोल ताणली. “सर, सरडा!” असें तो म्हणाला. आम्हीं त्याचा हात धरला. कारण बुंध्याशीं हालणारा तो प्राणी सरडा नसून पक्षी होता. तो उडून फांदीवर बसला मात्र, आणि आमच्या डोळ्यांदेखत नाहींसा झाला! गेला कोठेंच नव्हता. सालीच्या रंगांत मिसळला होता.

हीच मानमोडी. बुलबुलाहून किंचित् लहान, लांबी सुमारें १७ सेंटिमीटर. अंगावर करड्या व तपकिरी रंगाची बारीक नक्षी. पाठीवरून उतरणारा काळसर पट्टा व डोळ्यापासून मागें गेलेली तशीच रेघ, या दोन खुणा ध्यानांत ठेवाव्या.

ही सुतारपक्ष्याच्या कुळांतील, असें सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसेना. त्यांची शंका रास्तच होती. हिची चोंच आखूड. ती लांकूड पोखरीत नाहीं. शेपटी मऊ, त्यामुळें तिचा टेकू देऊन खोडावर चढणेंही हिला साधत नाहीं. मग नातें कशावरून? पायांवरून व जिभेवरून. पायाचीं दोन बोटें पुढें, दोन मागें. आणि जीभ लांब व चिकट. मात्र त्या जिभेचा उपयोग ती बहुधा जमिनीवर करते. वारुळापाशीं बसून मुंग्या व त्यांचे कोश टिपणें हाच तिचा मुख्य उद्योग.

हातीं धरिली, किंवा घरट्यांत कोणी डोकावलें, तर ती सापासारखी मान पिळून फूत्कार करिते. नांव पडलें तें यावरूनच. अंधाऱ्या ढोलींतून असा आवाज आल्यावर कोण हात घालील? घरट्यांतलें हें सोंग महाराष्ट्रांत दिसावयाचें नाहीं, कारण येथें ती हिंवाळ्याची पाहुणी. तिची वीण युरोपांत, उत्तर आशियांत व काश्मिरांत होते. आयत्या ढोलींत ती बहुधा ७ ते १० पांढरीं अंडीं घालते.

दक्षिण इंग्लंडांत १९ व्या शतकांत ती सर्वांच्या परिचयाची होती. २० वें शतक संपेपर्यंत तेथील तिची वीण जवळजवळ बंद पडली. जुन्या फळबागा व कुरणें कमी झालीं आणि त्यांबरोबर मुंग्याही घटल्या, हें त्याचें एक कारण जाणते सांगतात. रंगानें शत्रूपासून लपतां येतें, उपासमारीपासून नव्हे.

त्या फांदीवरील मानमोडी पुन्हां हुडकून काढण्यास आमच्या गलोलवाल्यास पाव तास लागला. सांपडली तेव्हां त्यानेंच इतरांस गप्प बसावयास सांगितलें. गलोल केव्हांच खिशांत गेली होती.