वेगाला जागा हवी

२०२१ सालच्या ऑक्टोबरची १० तारीख. रविवार होता. घट बसून तीन दिवस झाले होते. इंदूरला ताईच्या घरी जेवणे उशिरा आटोपली आणि पाचच्या सुमारास माझा भाचा उजव्या हाताला प्लॅस्टर घेऊन लॅपटॉपसमोर येऊन बसला. मीही खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. तिकडे जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात एका मोटारशर्यतीच्या मोसमाचा शेवटचा दिवस होता. इकडे ताईचा जीव टांगणीला लागलेला.

ताईने मला मुद्दाम बोलावून घेतले होते. आठ दिवसांपूर्वी हा पठ्ठ्या रात्री मित्राची मोटारसायकल घेऊन बायपासवर गेला, कुणाचा वेग जास्त ते ठरवायला! गाडी घसरली. मनगटावर निभावले, एवढेच नशीब. वय वर्षे सतरा. ताई फोनवर म्हणाली, ‘‘लहानपणी शूमाकरचे वेड तूच लावलेस ना त्याला? मग आता तूच येऊन समजाव.’’

आरोप खोटा नव्हता. पण ‘गाडी हळू चालव बाळा’ असे सांगून सतरा वर्षांचा मुलगा ऐकतो, हे मला काही खरे वाटत नाही. म्हणून मी ठरवले, उपदेश नंतर. आधी त्याच्याबरोबर बसून ही शर्यत बघू.

गाड्या ओळखीच्या, शर्यत वेगळी

वाचकहो, मोटारशर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन येते. उघड्या चाकांची, चपटी, विमानासारखी गाडी. टुरिंग कारची शर्यत मात्र वेगळी. इथल्या गाडीला छप्पर असते, दारे असतात आणि रस्त्यावर दिसणाऱ्या गाडीशी तिचे तोंड जुळते. या प्रकारातली जर्मनीची स्पर्धा ‘डीटीएम’ नावाने ओळखली जाते. ती १९८४ साली सुरू झाली, १९९६ नंतर बंद पडली आणि २००० साली पुन्हा उभी राहिली. मिका हॅकिनेन आणि मायकेलचा धाकटा भाऊ राल्फ शूमाकर हे दोघेही फॉर्म्युला वन सोडल्यावर इथे गाडी चालवायला आले होते. बायकांनाही इथे मज्जाव नाही. १९९२ साली हॉकेनहाइमला एलेन लोर या जर्मन बाईंनी पुरुषांना मागे टाकून शर्यत जिंकली होती.

पण २०२१ च्या मोसमाआधी या स्पर्धेवर मोठे संकट आले होते. गाड्या इतक्या महाग झाल्या होत्या की कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. २०१८ नंतर मर्सिडीज गेली, २०२० नंतर ऑडीनेही कारखान्याचा संघ काढून घेतला. एकटी बीएमडब्ल्यू कुणाशी शर्यत लावणार? तेव्हा स्पर्धेचे प्रमुख, फॉर्म्युला वनचे जुने ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर यांनी वेगळा मार्ग काढला. खास बनवलेल्या गाड्या बंद केल्या आणि खासगी संघांना विकत मिळतात अशा ‘जीटी-थ्री’ प्रकारच्या गाड्या आणल्या. त्यामुळे ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फेरारी, लॅम्बोर्गिनी अशा सगळ्यांना एका रांगेत उभे राहता आले.

मोसम आठ ठिकाणी, सोळा शर्यतींचा. इटलीतल्या मोंझाला सुरुवात, मग जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रिया, हॉलंड असे करत शेवट न्यूरेंबर्गला. दर शर्यत ५५ मिनिटे आणि वर एक फेरी. मध्ये एकदा थांबून चाके बदलणे सक्तीचे. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५. गंमत म्हणजे जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या वेळी जादा वजन ठेवायचे! आपल्याकडे हुशार मुलाला जास्त गृहपाठ देतात, त्यातलाच हा प्रकार. एकच गाडी सतत पुढे राहू नये, म्हणून ही युक्ती.

जूनमधले दोन दिवस

हा मोसम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा होता. १९ जून २०२१ ला मोंझाला जो पडदा वर गेला, त्यात मर्सिडीजच्या एका गाडीत बंगलोरचा अर्जुन मैनी होता. डीटीएममध्ये उतरलेला हा पहिला भारतीय. ‘रेवा’ ही विजेवर चालणारी चिमुकली गाडी आठवते? ती बनवणाऱ्या मैनी कुटुंबातला हा मुलगा. वडील स्वतः शर्यतीत गाडी चालवलेले. २०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभरातून मुले निवडली, त्यात अर्जुनची निवड झाली. पुढे २०१७ मध्ये बार्सिलोनाला जीपी-थ्री प्रकारातली शर्यत त्याने जिंकली, २०१९ मध्ये ल मॉन्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत भाग घेतला आणि मग तो जर्मनीत पोहोचला.

आणि याच महिन्यात, २९ जूनला, इंदूरच्या शेजारी धार जिल्ह्यात पिथमपूरला आणखी एक दार उघडले. ‘नॅट्रॅक्स’ या सरकारी चाचणी केंद्रातल्या अतिवेगाच्या ट्रॅकचे उद्घाटन तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले. लांबी ११.३ किलोमीटर. आशियात याहून लांब असा ट्रॅक नाही, असे तेव्हा जाहीर झाले. अंडाकृती आकार, चार पदरी, १६ मीटर रुंद. वळणांवर रस्ता आतल्या बाजूला कललेला ठेवलेला आहे. कलण्याचे गणित असे की ताशी २५० किलोमीटरच्या वेगाला ड्रायव्हरला वळणासाठी स्टिअरिंग फारसे ओढावे लागत नाही. गाडी आपोआप वळणात बसते. सर्कशीतल्या ‘मौत का कुआँ’ला जे तत्त्व, तेच इथे सौम्य रूपात.

पण या ट्रॅकवर शर्यती व्हायच्या नाहीत, आणि कुणीही उठून तिथे गाडी पळवायचीही नाही. कंपन्यांनी गाड्या आणायच्या आणि तपासायच्या, एवढ्यासाठी तो आहे. शेजारी ब्रेक तपासण्याचा रस्ता, चढ-उताराचा रस्ता, खाचखळग्यांचा रस्ता, ओल्या जमिनीवर घसरण बघायची जागा असे कितीतरी प्रकार आहेत. आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांतून जे सुटे भाग बाहेर पडतात, ते ज्या गाड्यांना बसतात, त्यांचीही परीक्षा शेवटी अशाच ठिकाणी होते.

इंदूरचे जुने वेड

तसे इंदूरला वेगाचे वेड नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी अमेरिकेची ड्युसेनबर्ग गाडी खास इंग्लंडमध्ये बांधून घेतली होती. तिचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे म्हणत. १९३० च्या दशकात! त्यांचा माणिकबाग राजवाडाही एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने घडवला. म्हणजे जर्मन कारागिरी आणि वेगवान गाड्या यांची ओळख या मराठी संस्थानाला शर्यतींच्या कितीतरी आधीपासून होती.

नंतर राजांची हौस सरली आणि कारखाने आले. पिथमपूरला पुण्याच्या फिरोदियांनी बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा आणली. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत ती स्कूटर असे. ताईच्या सासऱ्यांचीही होती. ‘चाळीसच्या वर कधी नेली नाही,’ हे ते अभिमानाने सांगत. नातवाला ते पटणे अवघडच!

शेवटची शर्यत

तर त्या रविवारी आम्ही दोघे पडद्याला डोळे लावून बसलो. न्यूरेंबर्गचा नोरिसरिंग हा ट्रॅक म्हणजे खरे तर शहरातला रस्ता. जेमतेम २.३ किलोमीटरचा. १९३० च्या दशकात हिटलरच्या मेळाव्यांसाठी बांधलेल्या दगडी गॅलरीसमोरून तो जातो. आता त्याच पायऱ्यांवर माणसे शर्यत बघायला बसतात.

अजिंक्यपदासाठी तिघे दावेदार होते. न्यूझीलंडचा लियाम लॉसन, वय अवघे १९. याने मोंझाला आयुष्यातली पहिलीच डीटीएम शर्यत जिंकली होती. दुसरा दक्षिण आफ्रिकेचा केल्व्हिन फान डर लिंडे. तिसरा जर्मनीचाच मॅक्सिमिलियन गोट्झ, वय ३५. साहजिकच भाचा लॉसनच्या बाजूने. वयाने जवळचा ना!

दिवे विझले, गाड्या सुटल्या आणि पहिल्याच वळणावर घात झाला. फान डर लिंडेने आतून घुसायचा प्रयत्न केला आणि तो लॉसनच्या फेरारीवर आदळला. लॉसनच्या गाडीचे स्टिअरिंग वाकले. वर्षभराची मेहनत एका वळणात संपली. भाचा उभाच राहिला. ‘‘मामा, ही तर सरळ सरळ दादागिरी आहे!’’ फान डर लिंडेला पंचांनी शिक्षा केली आणि पुढे त्याचीही संधी हुकली. उरला गोट्झ. पण त्याच्यापुढे मर्सिडीजचेच लुकास आउअर आणि फिलिप एलिस होते. शेवटी त्यांनी वाट मोकळी करून दिली आणि गोट्झ पहिला आला. मोसमाचे गुण: गोट्झ २३०, लॉसन २२७. फरक तीन गुणांचा!

आमच्यात बराच वेळ वाद झाला. वाट देणे योग्य की अयोग्य? मी म्हणालो, संघाचा खेळ आहे, नियमात बसते. तो म्हणाला, नियमात बसले म्हणून बरोबर होते का? मला उत्तर सुचले नाही. आजही तिकडे या शर्यतीवर दोन तट आहेत.

मग तो एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘इतक्या जोरात धडक बसली, पण तो दार उघडून चालत बाहेर आला.’’

मी ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते त्यानेच उच्चारले. मग आम्ही मोजायला बसलो. गाडीत पोलादी पिंजरा. अंगाला घट्ट बांधणारे पट्टे. डोके पुढे झटकू नये म्हणून मानेला आधार. आग सहन करणारे कपडे. रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभी असलेली माणसे. डॉक्टर तयारीत. सगळ्या गाड्या एकाच दिशेने. समोरून ट्रक नाही, मध्ये गाय नाही, अंधारात बंद पडलेली ट्रॉली नाही. आणि चुकलात तर शिक्षा करायला पंच. बायपासवर यातले काय होते? मी विचारले नाही. प्लॅस्टरकडे त्याचे त्यानेच पाहिले.

आईवडिलांचा प्रश्न

पोराला शर्यतीचेच वेड असेल तर काय करायचे? मार्ग आहे, पण खडतर आहे. सुरुवात लहानपणी गो-कार्टिंगपासून करावी लागते. पुढे मद्रास, कोइमतूर इथल्या ट्रॅकवर जावे लागते, मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचे लायसन घ्यावे लागते. खर्च तर क्रिकेटच्या किटशी तुलना होणार नाही असा. फ्रान्सच्या एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकले आणि चाकांवरच्या घरात राहून मुलाला शर्यतीत उतरवले. तो २०१६ मध्ये डीटीएममध्ये खेळला आणि त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. पण अशी घरे विकून न पोहोचलेल्यांची नावे आपल्या कानावर येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. लॉसन नंतर फॉर्म्युला वनमध्ये गेला. अर्जुन मैनीने डीटीएम सोडली नाही. २०२५ च्या मोसमातही तो तिथे फोर्ड मस्टँग चालवत होता.

मात्र आपल्या मुलांसाठी एक दार जवळच आहे, आणि ते नेमके पिथमपूरला आहे. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची ‘बाहा’ ही स्पर्धा २००७ पासून इथे भरत आली आहे. मुलांनी स्वतः एका माणसाची दणकट गाडी बनवायची आणि खडकाळ, चिखलाच्या वाटेवर चार तास पळवायची. पुण्या-मुंबईची मुलेही ट्रकमध्ये गाडी घालून येतात. पळवण्याआधी तपासणी होते. त्यातली एक परीक्षा मला फार आवडली. गाडी वेगात आणून ब्रेक दाबायचा आणि चारही चाके एकदम थांबली पाहिजेत. नाही थांबली, तर त्या गाडीला शर्यतीत उतरता येत नाही.

पुढे भाचा इंजिनीअरिंगला गेला आणि कॉलेजच्या बाहाच्या संघात शिरला. गाडी चालवायला मिळेल असे त्याला वाटले होते. मिळाले काय, तर ब्रेकचे काम! पहिल्या वर्षी ब्रेकच्या परीक्षेत गाडी दोनदा नापास झाली. रात्रभर जागून पोरांनी पाइपातली हवा काढली, तिसऱ्यांदा पास झाली. शर्यतीत ती अडीच तासांनी बंद पडली, तो भाग वेगळा.

त्या रात्री त्याने ताईला फोन केला. गाडी बंद पडल्याचे दुःख सांगेल असे तिला वाटले. पण तो सांगत होता, ‘‘आई, चारही चाके थांबली!’’ ताईला त्यातले काही कळले नाही. तरी त्या दिवशी ती निर्धास्त झोपली, असे तिनेच मला सांगितले.