मार्केटजवळची पॅरामाउंट टॉकीज

बेळगावहून रात्रीची बस धरली की पहाटे कंडक्टरची हाक ऐकू येते, "मॅजेस्टिक, मॅजेस्टिक!" सरकारी कागदावर त्या जागेचे नाव केंपेगौडा बसस्थानक. पण बंगळूरला जाणारा आपल्याकडचा माणूस मॅजेस्टिकलाच उतरतो. मॅजेस्टिक हे तिथल्या एका सिनेमा टॉकीजचे नाव होते. ती टॉकीज पाडून कितीतरी वर्षे झाली, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

सगळ्याच टॉकीजच्या नशिबी असे भाग्य नसते. मॅजेस्टिकपासून थोड्याच अंतरावर, सिटी मार्केटच्या परिसरात पॅरामाउंट नावाची टॉकीज होती. पुढे तिचे नाव परिमळा झाले आणि नंतर ती बंदही झाली. आज तिथे फुलांच्या राशी, भाजीच्या गाड्या आणि हमालांची धावपळ आहे. पण ३ मार्च १९३४ रोजी याच पॅरामाउंटमध्ये 'सती सुलोचना' प्रदर्शित झाला आणि पडद्यावरची माणसे पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलली.

या टॉकीजची मला आठवण झाली ती मुलाच्या शाळेमुळे. कन्नडच्या बाईंनी 'पहिला कन्नड बोलपट' या विषयावर माहिती लिहून आणायला सांगितली होती. आमचे घर सीमाभागातल्या अनेक घरांसारखेच. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. मुलगा एका आजीला 'आजी' म्हणतो, दुसरीला 'अज्जी'. त्या दिवशी दोघीही घरी होत्या. मी माहिती वाचून दाखवू लागले. 'सती सुलोचना'चे चित्रीकरण कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत झाले, हे ऐकताच माझी आई सरसावून बसली. "म्हणजे आमच्याच गावात झाला की!" सासूबाई हसत म्हणाल्या, "गाव कुठलं का असेना, बोलला कन्नडच न्हवं? आमचाच तो." दोघींचे थट्टेत चालले होते. मुलाने मात्र वहीवरून मान वर करून विचारले, "आई, मग सिनेमा आपला की त्यांचा? मी काय लिहू?"

'आपला' म्हणजे कोणाचा आणि 'ते' म्हणजे कोण, हे त्यालाही सांगता आले नसते. मलाही चटकन उत्तर सुचले नाही.

मग मी नीट वाचायला घेतले. चित्रपटाला पैसा घातला चमनलाल डुंगाजी या बंगळूरमधल्या मारवाडी व्यापाऱ्याने. दिग्दर्शक वाय. व्ही. राव मूळचे नेल्लोरकडचे, तेलुगू. संवाद आणि गाणी बेळ्ळावे नरहरी शास्त्री यांची. इंद्रजित झाले सुब्बय्या नायडू, रावण आर. नागेंद्रराव, मंदोदरी लक्ष्मीबाई आणि सुलोचना त्रिपुरांबा. नायडू आणि नागेंद्रराव ही जोडी नाटक कंपनीत मुरलेली. पार्श्वगायन तेव्हा रूढ झालेले नव्हते. नटाला मायक्रोफोनपुढे स्वतःच गावे लागे आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. त्यामुळे रंगभूमीवर गळा तयार झालेली माणसेच सुरुवातीच्या बोलपटांना हवी असत.

मग ही मंडळी कोल्हापूरला का आली? बोलपटाची सोय तेव्हा थोड्याच ठिकाणी होती, आणि कोल्हापूर हे त्यातले एक. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी तिथेच स्थापन झाली. 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट तिथूनच १९३२ साली बाहेर पडला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, तरी गावातली सिनेमाची विद्या काही गेली नाही. बंगळूरची मंडळी सुमारे दोन महिने कोल्हापुरात राहिली. चित्रपटाला चाळीस हजार रुपये खर्च आला असे सांगतात. ती रक्कम त्या काळी लहान नव्हती. मला वाटते, ते दोन महिने कोल्हापूरच्या सुताराने, रंगाऱ्याने आणि शिंप्यानेही कन्नड संवाद ऐकले असतील, आणि बंगळूरच्या नटांनी तांबडा रस्सा चाखला असेल.

मग त्या रिळांच्या पेट्या रेल्वेने बंगळूरला गेल्या आणि पॅरामाउंटचा पडदा बोलू लागला. सिटी मार्केटचा हा परिसर जुन्या पेठेला लागूनच. खेड्यापाड्यांतून माल घेऊन येणारा शेतकरी, हमाल, विणकर, व्यापारी या सगळ्यांची तिथे रोजची ये-जा. नाटकाची भाषा त्यांच्या कानांना सरावाची होती, पण पडद्यावरून आपली भाषा कधी आली नव्हती. चित्रपट सहा आठवडे चालला.

मुलाला उत्तर द्यायचे तर मला आणखी मागे जावे लागले. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण ५ नोव्हेंबर १८४३ ची धरतो. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले. पण त्याच्या आदल्याच वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते पाहूनच चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत असे काही करायला सांगितले. आणि मराठी संगीत नाटकाचे अध्वर्यू अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. म्हणजे कन्नड खेळ पाहून मराठी नाटक उभे राहिले आणि एक्क्याण्णव वर्षांनी कन्नड बोलपट मराठी गावात घडला. शेजारणीने वाटीभर पीठ उसने न्यावे आणि पुढे कधीतरी तिच्याच घरून वाटीभर साखर यावी, तसाच हा व्यवहार.

पण हा व्यवहार दाखवायला आता पुरावाच उरलेला नाही. 'सती सुलोचना'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई आणि नुसती ठेवली तरी खराब होई. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, म्हणजे या चित्रपटानंतर तीस वर्षांनी. तोवर फार उशीर झाला होता. ज्या पडद्यावर तो लागला ती टॉकीजही गेली.

गेल्या वर्षी पेपर तपासणीच्या निमित्ताने बंगळूरला गेले होते. एका संध्याकाळी मेट्रोने के. आर. मार्केटला उतरले आणि पॅरामाउंटची जागा विचारत फिरले. नाव सांगितले तर कोणाला माहीत नाही. 'परिमळा' म्हटल्यावर एक वयस्कर फूलवाल्या बाई थांबल्या. सिनेमे आठवत नाहीत म्हणाल्या, पण खेळ सुटल्यावर गर्दी व्हायची आणि गजरे हातोहात संपायचे असे आपली आई सांगायची, एवढे त्यांना आठवत होते. त्यांनी हात करून एक दिशा दाखवली. तिकडे दुकानेच दुकाने होती. मी दोन हात शेवंतीची माळ घेतली आणि परत फिरले.

आपल्याकडच्या गावांतही टॉकीज एकामागून एक बंद झाल्या. कुठे कार्यालय झाले, कुठे दुकानांची इमारत उभी राहिली. त्या अंधारात मराठी आणि कन्नड माणसे एकाच बाकावर बसून हसली, रडली आणि मध्यंतरात एकाच पुड्यातले शेंगदाणे खाऊन घरी गेली. याची नोंद कुठल्याही कचेरीत नाही. ती आहे फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसे काही कायम राहणार नाहीत.

म्हणून एक सांगावेसे वाटते. या रविवारी आपल्या आजीजवळ, अज्जीजवळ बसा. पहिला सिनेमा कुठला पाहिला, कोणत्या टॉकीजमध्ये, कोणाबरोबर, तिकिटाचे पैसे कोणी दिले, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. त्या सांगतील त्या भाषेतच उतरवा.

माझ्या मुलाने शेवटी वहीत काय लिहिले ते सांगायचे राहिलेच. दोन्ही आज्यांना विचारून त्याने कन्नडमध्ये एकच वाक्य घातले. त्याचा अर्थ असा, की हा सिनेमा कोल्हापुरात जन्मला आणि बंगळूरमध्ये बोलू लागला. बाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली. ती वही मी जपून ठेवली आहे.