ब्रिट, एडगर

ब्रिट, एडगर : (३० ऑक्टोबर १९१३–२८ जानेवारी २०१७). विख्यात ऑस्ट्रेलियन जॉकी (शर्यतीतील व्यावसायिक अश्वारोही). मुंबईतील पहिल्या ‘इंडियन डर्बी’चा विजेता अश्वारोही आणि बडोद्याच्या गायकवाडांच्या पागेशी निगडित खेळाडू म्हणून भारतीय अश्वशर्यतींच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

सिडनी येथील शर्यतींत त्याने तरुणपणीच नाव मिळविले. १९३३ मध्ये विनूका या ऑस्ट्रेलियन घोड्याबरोबर स्वार म्हणून तो अमेरिकेत गेला होता. त्यानंतर तो भारतात आला. त्या काळी मुंबईच्या हिवाळी व पुण्याच्या पावसाळी हंगामांत संस्थानिकांच्या पागा परस्परांशी अहमहमिकेने स्पर्धा करीत व त्यांसाठी इंग्लंड-ऑस्ट्रेलियातून निष्णात जॉकी बोलावीत. महालक्ष्मी येथील शर्यतीच्या मैदानावर १९४३ मध्ये इंडियन डर्बी प्रथमच धावविण्यात आली. चार वर्षे वयाच्या घोड्यांसाठी असलेली ही सु. २,४०० मी. अंतराची शर्यत बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ब्रिटच्या स्वारीखाली जिंकली.

जॉकीचे कौशल्य केवळ वेगात नसते. घोड्याने वाहावयाचे वजन ठरवून दिलेले असल्याने जॉकीला आहारावर कडक नियंत्रण ठेवावे लागते. आखूड रिकिबीत उभे राहून, पुढे झुकून तोल सांभाळणे, घोड्यांच्या घोळक्यात योग्य जागा मिळविणे, आरंभी घोड्याची शक्ती राखून ठेवणे आणि अखेरच्या टप्प्यात अचूक क्षणी त्याला मोकळे सोडणे, ही या व्यवसायाची प्रमुख अंगे होत. एका चुकीने पडण्याचा, प्रसंगी प्राण गमावण्याचाही धोका त्यात असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिट इंग्लंडमध्ये गेला. प्रतापसिंहरावांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे एक शिंगरू २८,००० गिनी देऊन विकत घेतले होते. डर्बीविजेत्या दान्ते या घोड्याचा हा सख्खा भाऊ. महाराजांनी त्याला आपले आजोबा सयाजीराव यांचे नाव दिले. १९४७ मध्ये ब्रिटने सयाजीरावावर आयरिश डर्बी जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतर एका महिन्याच्या आत, डाँकॅस्टर येथील सेंट लेजर शर्यतीत आर्बार या घोड्यास केवळ मस्तकभर अंतराने मागे टाकून त्याने विजय मिळविला.

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराजांच्या परदेशातील अफाट खर्चावर आणि राज्याच्या निधीतून त्यांनी उचललेल्या रकमांवर बडोद्यातील लोकप्रतिनिधींनी तीव्र आक्षेप घेतले. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. शिक्षण व ग्रंथालये यांसाठी ख्यातनाम झालेल्या सयाजीरावांचे नाव धारण करणारा घोडा अशा प्रकारे संस्थानी वैभवाच्या अखेरच्या पर्वाचे प्रतीक ठरला.

ब्रिटची कारकीर्द मात्र पुढे बहरतच गेली. ब्लॅक टार्क्विन (सेंट लेजर, १९४८), म्यूसिडोरा (वन थाउजंड गिनीज व ओक्स, १९४९), फ्रीझ (ओक्स, १९५२), निअरूला (टू थाउजंड गिनीज, १९५३) व हनीलाइट (वन थाउजंड गिनीज, १९५६) यांवर त्याने विजय मिळविले. यांपैकी म्यूसिडोरापासूनचे सर्व घोडे चार्ल्स एल्सी या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाले होते. इंग्लंडच्या पाच अभिजात शर्यतींपैकी डर्बी वगळता उर्वरित चारही त्याने जिंकल्या व असे एकूण सात विजय संपादिले. १९५९ मध्ये निवृत्त होऊन तो सिडनीस परतला आणि वृत्तपत्रांतून शर्यतींविषयी लेखन करू लागला. वयाच्या १०३ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

परदेशी जॉकींचे वर्चस्व स्वातंत्र्योत्तर काळात हळूहळू ओसरले. पांडू खाडे, जगदीश, वसंत शिंदे यांसारख्या भारतीय जॉकींनी मुंबई-पुण्याची मैदाने गाजविली, तर पेसी श्रॉफ याने इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली. ज्या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत पहिले नाव ब्रिटचे आहे, ती पुढे या भारतीय अश्वारोहींच्या पराक्रमाची कसोटी बनली.