घरातला पैसा नेमका कुठे निसटतो? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

कौटुंबिक खर्चाचा विचार आपल्याकडे बहुधा काटकसर आणि उधळपट्टी अशा नैतिक चौकटीत होतो, आणि महिनाअखेरीस हाती काही उरले नाही की त्याचे कारण घरातील कोणाच्या तरी सवयीत शोधले जाते. खर्चाकडे निर्णयाच्या अंगाने पाहिले, तर त्याचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात वस्तू घेण्याचा निर्णय आणि पैसे मोजणे एकाच वेळी घडते. भाजी, बसचे तिकीट, हॉटेलातला चहा ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात निर्णय एकदाच होतो, पण पैसे पुढे महिनोन्महिने जात राहतात, किंवा खर्चाचा काही भाग किमतीत असा मिसळलेला असतो की निर्णयाच्या वेळी तो जाणवतच नाही. कर्जाचे व्याज, विम्याचा हप्ता, दागिन्याची मजुरी आणि आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी ही या प्रकारची उदाहरणे असून त्यांना येथे ‘अदृश्य खर्च’ म्हटले आहे. घरातले वाद पहिल्या प्रकारावरून होतात, मोठ्या रकमा मात्र दुसऱ्या प्रकारातून निसटतात.

गैरसमज 1 : चहा, वडापाव आणि किरकोळ खरेदी यांमुळेच घराचे अंदाजपत्रक कोलमडते.

वस्तुस्थिती : किरकोळ खर्च नगण्य नसतो, हे प्रथम मान्य करावे लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी 6,996 रुपये होता आणि त्यातील सुमारे 11 टक्के वाटा पेये, फराळाचे पदार्थ व प्रक्रिया केलेले अन्न यांचा होता, तर तृणधान्यांचा वाटा 4 टक्क्यांहूनही कमी होता. मात्र या 11 टक्क्यांत विकत घेतलेले शिजवलेले अन्नही येते, त्यामुळे घरापासून दूर राहून खाणावळीत जेवणाऱ्या कामगाराचे रोजचे जेवणसुद्धा त्यात मोजले जाते आणि हा सगळा वाटा चैनीचा ठरत नाही.

खरा प्रश्न तुलनेचा आहे. रोज 20 रुपयांचा चहा घेणाऱ्या माणसाचा त्यावरील खर्च महिन्याला 600 आणि वर्षाला सुमारे 7,200 रुपये होतो. त्याच घराने मोटारीसाठी 8 लाख रुपयांचे कर्ज वार्षिक 9 टक्के दराने 7 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 12,870 रुपये पडतो आणि मुदतीअखेर निव्वळ व्याजापोटी सुमारे 2 लाख 81 हजार रुपये गेलेले असतात. ही रक्कम त्या चहाच्या 39 वर्षांच्या खर्चाइतकी आहे, आणि तिच्यात पेट्रोल, वाहनविमा व देखभाल धरलेली नाही. मोटार घेऊ नये असा याचा अर्थ नाही. कर्जाची मुदत किती असावी आणि सुरुवातीला हातचे किती पैसे भरावेत, या अर्ध्या तासाच्या निर्णयाला वर्षभराच्या चहापेक्षा अधिक विचार मिळायला हवा, एवढाच तो आहे.

गैरसमज 2 : पैसे रोख दिले काय आणि मोबाइलवरून दिले काय, खर्च तेवढाच होतो.

वस्तुस्थिती : पैसे देण्याच्या साधनाचा खर्चाच्या प्रमाणावर परिणाम होतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली असता, क्रेडिट कार्डाने पैसे देण्याची अट असलेल्या गटाची सरासरी बोली रोख पैसे देणाऱ्या गटाच्या सुमारे दुप्पट निघाली. पैसे हातातून जाताना होणाऱ्या या बोचणीला वर्तनवादी अर्थशास्त्रात ‘पैसे देण्याची वेदना’ म्हणतात, आणि देण्याची क्रिया जितकी सहज किंवा जितकी लांबणीवर पडलेली, तितकी ही वेदना बोथट होते.

भारतात 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवरील व्यवहारांनी ऑगस्ट 2025 मध्ये महिन्याला 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला, त्यामुळे हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे. तरीही यूपीआय आणि क्रेडिट कार्ड यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. बँक खात्याशी जोडलेल्या यूपीआयमध्ये रक्कम तत्काळ वजा होते आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, जी रोखीच्या व्यवहारात राहत नाही. ही नोंद महिन्यातून एकदा वाचली गेली, तर हेच साधन खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी पडते.

गैरसमज 3 : क्रेडिट कार्डाची किमान देय रक्कम वेळेवर भरली की व्याज लागत नाही.

वस्तुस्थिती : किमान देय रक्कम भरल्याने केवळ विलंबशुल्क टळते आणि खाते थकीत ठरत नाही, उरलेल्या रकमेवर व्याज लागतेच. हा दर बँकेगणिक बदलतो, पण महिन्याला 3 ते 3.75 टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 45 टक्के हे प्रमाण सर्रास आढळते, आणि त्या व्याजावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, वेगळा द्यावा लागतो.

समजा, कार्डावर 50,000 रुपये थकले आहेत आणि दर महिना 3.5 टक्के आहे. एका महिन्याचे व्याज 1,750 रुपये आणि त्यावरील कर 315 रुपये, असे मिळून 2,065 रुपये होतात. कार्डधारकाने 5 टक्के, म्हणजे 2,500 रुपये भरले, तर त्यातून मुद्दल फिटते ते जेमतेम 435 रुपयांचे. याशिवाय, मागील बाकी पूर्ण फेडलेली नसताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि तिच्यावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते, ही तरतूद फार थोड्यांच्या लक्षात येते. ज्याच्याकडे मुदत ठेव आहे आणि त्याच वेळी कार्डावर बाकीही आहे, असा माणूस एका हाताने 7 टक्के मिळवून दुसऱ्या हाताने 40 टक्के देत असतो. त्याने ठेव मोडून बाकी फेडणे हाच हिशेबाने योग्य मार्ग ठरतो.

गैरसमज 4 : ‘बिनव्याजी हप्ता’ खरोखरच बिनव्याजी असतो.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना आक्षेप घेतला होता, कारण त्यांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा अन्य रूपात ग्राहकाकडूनच वसूल होत असे. आज रूढ असलेल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’ योजनेत बँक व्याज आकारते आणि तेवढीच सूट विक्रेता किंवा उत्पादक किमतीत देतो, त्यामुळे हप्त्यांची बेरीज वस्तूच्या किमतीइतकी दिसते.

30,000 रुपयांचा मोबाइल 5,000 रुपयांच्या 6 हप्त्यांत घेतला आणि बँकेचा वार्षिक दर 15 टक्के असला, तर कर्जाची मूळ रक्कम सुमारे 28,730 रुपये दाखवली जाते आणि उरलेले सुमारे 1,270 रुपये व्याज ठरते. क्रेडिट कार्डावरील अशा व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 229 रुपये, ग्राहकाला भरावा लागतो; प्रक्रिया शुल्क असल्यास ते आणि त्यावरील कर वेगळा. एकरकमी पैसे देणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो, तीही येथे हुकते. रक्कम मोठी नसली, तरी हप्त्याचा परिणाम तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. एरवी 18,000 रुपयांचा मोबाइल पुरेसा मानणारे कुटुंब हप्ता लहान दिसल्यामुळे 30,000 रुपयांचा घेते, आणि हा 12,000 रुपयांचा फरक कोणत्याही बिलात ‘व्याज’ म्हणून नोंदला जात नाही.

गैरसमज 5 : दागिना घेणे म्हणजे खर्च नव्हे, ती बचतच.

वस्तुस्थिती : सोने आणि दागिना या आर्थिक दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी 22 कॅरेट सोन्याचा भाव 10 ग्रॅमला 1,00,000 रुपये आणि मजुरी, म्हणजे घडणावळ, 12 टक्के धरली, तर 12,000 रुपये मजुरीचे आणि एकूण 1,12,000 रुपयांवर 3 टक्के दराने 3,360 रुपये जीएसटीचे, असा तो दागिना 1,15,360 रुपयांना पडतो. दुसऱ्याच दिवशी तो मोडायला नेला, तर मजुरी आणि कर यांतील काहीही परत मिळत नाही आणि अनेकदा सोन्याच्या वजनातूनही तूट कापली जाते. घातलेले पैसे नुसते परत यायचे, तरी भाव 15 टक्क्यांहून अधिक वाढावा लागतो. खडे जडवलेल्या दागिन्यात खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने लावले आहे का, हे बिलात निव्वळ वजन वेगळे लिहिलेले असेल तरच कळते.

जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या हॉलमार्कच्या सक्तीमुळे शुद्धतेची खात्री बरीच वाढली आहे. 22 कॅरेटच्या दागिन्यावरील 916 हा अंक त्यात 91.6 टक्के सोने असल्याचे दर्शवतो. पण हॉलमार्क मजुरी परत मिळवून देत नाही. अंगावरचे सोने अनेक स्त्रियांसाठी त्यांच्या एकटीच्या मालकीची आणि अडीअडचणीला उभी राहणारी मालमत्ता असते, त्यामुळे त्याला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. केवळ बचतीच्या हेतूने घेतलेले सोने वळे किंवा नाणे या कमी मजुरीच्या रूपात असावे आणि दागिन्याची मजुरी हौसेच्या खर्चात धरावी, इतका भेद पाळला तरी पुरेसे आहे.

गैरसमज 6 : पैसे परत मिळणारी विमा पॉलिसी उत्तम, नुसत्या संरक्षणाच्या विम्याचे पैसे वाया जातात.

वस्तुस्थिती : विम्याचे मूळ काम कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देणे हे आहे आणि त्यासाठी मुदत विमा, म्हणजे केवळ मृत्यूनंतरच रक्कम देणारा विमा, सर्वांत स्वस्त पडतो. बचत जोडलेल्या पॉलिसीत त्याच संरक्षणासाठी कितीतरी मोठा हप्ता भरावा लागतो, म्हणून बहुतेक घरांत हप्ता परवडेल इतकेच, म्हणजे अपुरे, संरक्षण घेतले जाते.

परताव्याचा आकडाही फसवा असतो. वर्षाला 50,000 रुपये याप्रमाणे 20 वर्षांत 10 लाख रुपये भरून शेवटी 16 लाख मिळाले, तर 6 लाखांचा भरघोस फायदा झाल्यासारखे वाटते, पण प्रत्येक हप्ता किती वर्षे गुंतून पडला हे लक्षात घेऊन चक्रवाढीने मोजल्यास हा परतावा वर्षाला सुमारे 4.3 टक्केच भरतो. पहिल्या काही वर्षांत हप्ते थांबवून पॉलिसी परत केली, तर भरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे हाती येतात. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी हे नुकसान काहीसे कमी झाले असले, तरी ते संपलेले नाही. नातेवाईक किंवा परिचित एजंटाच्या भिडेखातर घेतलेली पॉलिसी हा म्हणूनच मध्यमवर्गीय घरातील सर्वांत दीर्घकाळ चालणाऱ्या अदृश्य खर्चांपैकी एक ठरतो.

गैरसमज 7 : सवलतीत घेतले म्हणजे पैसे वाचले.

वस्तुस्थिती : गरज नसलेली 2,000 रुपयांची वस्तू 1,200 रुपयांना घेतली, तर 800 रुपये वाचत नाहीत, 1,200 रुपये जातात. ऑनलाइन खरेदीत या मोहाला रचनेची जोड असते. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ असा खोटा घाईचा इशारा, ग्राहकाने न निवडलेली वस्तू किंवा देणगी बिलात घालणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 प्रकारांना मनाई केली आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर त्यांविरुद्ध तक्रार करता येते. आपोआप वजा होणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम वजा होण्याच्या किमान 24 तास आधी सूचना द्यावी लागते. हा संदेश न वाचता पुसून टाकला की नको असलेली वर्गणी आणखी एका मुदतीपुरती वाढते.

गैरसमज 8 : खर्च केला तरच पैसा जातो.

वस्तुस्थिती : न खर्चलेला पैसाही हातचा जातो. 10 वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा करतात, आणि मार्च 2024 अखेर या निधीत 78,213 कोटी रुपये होते. जुनी नोकरी सोडताना मागे राहिलेले पगाराचे खाते, वारसाची नोंद नसलेली वडिलांची ठेव, मुदत संपूनही न मोडलेली पावती यांतून ही रक्कम साचते. ती बुडालेली नसते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नावानिशी शोध घेऊन संबंधित बँकेकडे दावा करता येतो.

या सर्व उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. रोजचा हिशेब वहीत लिहिण्याची शिस्त उपयुक्त असली, तरी ती वही मुख्यतः दिसणारा खर्च टिपते, आणि म्हणूनच घर चालवणाऱ्या व्यक्तीला, बहुतेक घरांत स्त्रीला, प्रत्येक भाजीचा जाब द्यावा लागतो, तर कर्जाच्या मुदतीवर किंवा पॉलिसीच्या अर्जावर केलेल्या सहीचा जाब कोणी विचारत नाही. त्या वहीला वर्षातून एकदा करायच्या दुसऱ्या हिशेबाची जोड हवी. चालू असलेला प्रत्येक हप्ता, वर्गणी, विमा आणि वार्षिक शुल्क एका कागदावर मांडून, वर्षाच्या रकमेला 12 ने भागून त्याचा मासिक भार काढावा आणि ‘हा निर्णय आज नव्याने घ्यायचा असता, तर घेतला असता का?’ हा प्रश्न प्रत्येक ओळीसमोर विचारावा. हा कागद घरातील सर्व प्रौढांनी एकत्र बसून वाचला, तर बचतीचा भार एकट्या स्वयंपाकघरावर टाकण्याचे कारण उरणार नाही.